जोडविषयाचे सामर्थ्य : विद्यापीठातील ललित लेखनाचा अभ्यास

(महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला, की मराठी मध्यमवर्गीय घरांतून काही दिवस एकच विषय चालतो. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, गुणवत्ता यादीत नाव कितवे. अलीकडे या चर्चेत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे 'मायनर'. २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ही रचना येऊ लागली. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, लागतात. त्यांपैकी २४ श्रेयांक मायनरचे आहेत. म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा!

हा पाचवा हिस्सा कशासाठी वापरायचा, हा प्रश्न आता घराघरात येणार आहे. समजा, रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतलेल्या मुलीने घरी येऊन सांगितले, की मला जोडीला ललित लेखन शिकायचे आहे. काय उत्तर मिळेल? वडील म्हणतील, "लिहिणे काय शिकवून येते? हौस असेल तर घरी बसून लिही." आई म्हणेल, "त्यापेक्षा संगणकाचे काहीतरी घे, उद्या उपयोगी पडेल." दोन्ही उत्तरे मायेपोटी आलेली आहेत आणि दोन्हींमागे खरे प्रश्न आहेत. लेखन शिकवता येते काय, हा पहिला प्रश्न. शिकवता आले तरी त्याचा उपयोग काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना उडवून न लावता सामोरे गेले पाहिजे.

'गौण' म्हणजे दुय्यम नव्हे

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'मायनर'साठी काही ठिकाणी 'गौण विषय' असा प्रतिशब्द योजला जातो. हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात विषयाविषयी अनादर निर्माण करतो. जे गौण, ते सोडून दिले तरी चालते, असा आपल्या बोलण्यातला संकेत आहे. पूर्वमीमांसेत यासाठी अधिक नेमकी परिभाषा आहे. यज्ञात एक कर्म प्रधान असते आणि बाकीची त्याची अंगे असतात. अंग स्वतंत्रपणे फळ देत नाही, पण ते वगळले तर प्रधान कर्म विकल होते. मायनरचे स्थान हे असे अंगाचे आहे. मराठीत त्याला 'जोडविषय' म्हणावे. मुख्य विषयाला जोड देणारा तो जोडविषय.

ही पद्धत मूळची अमेरिकन विद्यापीठांची आहे. तेथेही पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात. त्यांतील मोठा वाटा मुख्य विषयाचा आणि पाच-सहा अभ्यासक्रमांचा एक लहान, पण सलग वाटा जोडविषयाचा. जीवशास्त्राचा विद्यार्थी संगीत घेतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी एखादी भाषा घेतो. ललित लेखन हा तेथील अनेक विद्यापीठांतील रूढ जोडविषय आहे. एक प्रास्ताविक अभ्यासक्रम, मग कथा, कविता किंवा ललित गद्य यांच्या दोन-तीन कार्यशाळा आणि त्यांच्या जोडीला साहित्यवाचनाचे एक-दोन अभ्यासक्रम, असा त्याचा सर्वसाधारण साचा असतो.

अमेरिकेतील वाटचाल

अमेरिकेने हे एका दिवसात उभे केले नाही. १८३७ साली राल्फ वाल्डो इमर्सन यांनी हार्वर्डच्या परिसरात एक गाजलेले व्याख्यान दिले. सर्जनशील लेखनाप्रमाणे सर्जनशील वाचन अशीही एक गोष्ट असते, असा विचार त्यांनी त्यात मांडला. लेखनाच्या आधी वाचनाचा उल्लेख व्हावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १८८० च्या दशकात, हार्वर्डमध्येच बॅरेट वेंडेल या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटा मजकूर लिहून घेण्यास सुरुवात केली. विषय कोणताही असो, स्वतः पाहिलेले असावे आणि रोज लिहावे. पुढे जॉर्ज पिअर्स बेकर यांनी तेथे नाट्यलेखनाची कार्यशाळा चालवली. १९१४-१५ मध्ये त्या वर्गात बसलेला युजीन ओनील नावाचा तरुण पुढे १९३६ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.

खरा निर्णायक बदल झाला तो आयोवा या शेतीप्रधान राज्यात. १९२२ साली आयोवा विद्यापीठाने पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा, नाटक अशी स्वतंत्र कलाकृती स्वीकारण्याचे जाहीर केले. कलाकृती हीदेखील ज्ञाननिर्मितीच आहे, या भूमिकेला विद्यापीठाची मोहोर मिळाली. १९३६ साली 'आयोवा रायटर्स वर्कशॉप' सुरू झाले. फ्लॅनरी ओकॉनर ही श्रेष्ठ कथालेखिका तेथूनच १९४७ साली पदवी घेऊन बाहेर पडली. १९६७ साली पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये एंगल यांनी त्याच गावात जगभरच्या लेखकांसाठी स्वतंत्र निवासी उपक्रम सुरू केला. मराठीतले कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये तेथे गेले होते. इंग्लंडमध्ये १९७० साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने पदव्युत्तर वर्ग काढला. त्याचा पहिला विद्यार्थी इयन मॅकएवन. त्याच वर्गात पुढे शिकलेल्या काझुओ इशिगुरो यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही सारी नावे पदव्युत्तर वर्गांची आहेत. आजच्या विषयाला जवळचे उदाहरण प्रिन्स्टन विद्यापीठाचे. १९३९ साली कवी ॲलन टेट यांना बोलावून तेथे लेखनशिक्षणाचा प्रारंभ झाला. प्रिन्स्टनमध्ये ललित लेखनात मुख्य पदवी घेता येत नाही. हा विषय इतर विषयांच्या जोडीने शिकायचा, हीच तेथील मूळ कल्पना. पूर्वी त्याला प्रमाणपत्र म्हणत, अलीकडे मायनर म्हणतात. गणिताचा, इतिहासाचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी या वर्गात अर्ज करू शकतो. वर्ग लहान असतो. शिकवणारे स्वतः लिहिणारे असतात. टोनी मॉरिसन आणि जॉयस कॅरॉल ओट्स यांनी तेथे वर्षानुवर्षे शिकवले. झुंपा लाहिरी यांनी या विभागाचे संचालकपद सांभाळले. जोनाथन सॅफ्रन फोअर हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी ओट्स यांच्या लेखनवर्गात जाऊन बसला. पदवीच्या अखेरच्या वर्षी त्याने लिहिलेल्या प्रकल्पातून २००२ साली प्रसिद्ध झालेली त्याची पहिली कादंबरी आकाराला आली. त्याचा मुख्य विषय अखेरपर्यंत तत्त्वज्ञानच होता.

कार्यशाळेत घडते तरी काय?

या वर्गांना कार्यशाळा का म्हणतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. सुताराच्या कार्यशाळेत लाकडावर व्याख्यान होत नाही, लाकूड तासले जाते. येथेही तसेच. विद्यार्थी आपली कथा किंवा कविता आधी सर्वांना वाटतो. वर्गातील प्रत्येक जण ती दोनदा वाचून, समासात टिपणे करून येतो. मग चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत ज्याची कथा आहे त्याने बहुधा गप्प बसायचे असते. "मला असे म्हणायचे होते" ही पळवाट त्याला मिळत नाही. कागदावर उतरले तेवढेच खरे. आजी रागीट आहे असे तीन वेळा लिहिले, पण ती रागावलेली एकदाही दिसली नाही, हे दुसऱ्याने सांगितल्यावरच लक्षात येते. शेवटी शिक्षक बोलतो. मग घरी जाऊन पुनर्लेखन.

या पद्धतीने दोन गोष्टी अंगी बाणतात. आपल्या लेखनाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची शिस्त ही पहिली. दुसऱ्याच्या लेखनावर त्याला न दुखावता, पण खोटेही न बोलता मत देण्याची सवय ही दुसरी. आपल्या सार्वजनिक जीवनात एकतर आरती असते किंवा शिवी असते. मधली विवेकाची जागा ओसाड पडली आहे. ती जागा तरुणांना वर्गात अनुभवायला मिळाली, तर तो लाभ साहित्यापुरता राहणार नाही.

आपल्याकडील विचार

लेखन शिकवता येते काय, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मात्र अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. आपल्या काव्यशास्त्रकारांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी हाताळला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीचे कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र मांडल्या. उपजत शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या निरीक्षणाने येणारी निपुणता आणि काव्य जाणणाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास. ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असा त्याचा काटेकोर निर्वाळा आहे. म्हणजे प्रतिभा शिकवता येत नाही, हे वडिलांचे म्हणणे मम्मटाला मान्य आहे. पण उरलेले दोन भाग शिकण्याचेच आहेत आणि त्यांच्यावाचून पहिला भाग फळत नाही, हेही तोच सांगतो.

ज्याच्या पणजोबांना, अकालजलदाला, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले गेले, त्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्याच आखून दिली आहे. दिवसाचा पहिला प्रहर विद्यांच्या अभ्यासाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा. चौथ्या प्रहरी कवीने एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह सकाळी लिहिलेले तपासावे. कारण रसाच्या आवेशात लिहीत असताना पारखणारी दृष्टी जागी नसते. हा चौथा प्रहर म्हणजे आजची कार्यशाळाच. काश्मीरच्या क्षेमेंद्राचे 'कविकण्ठाभरण' तर जवळजवळ पाठ्यपुस्तक आहे. थोड्या प्रयत्नाने साधणारा, कष्टाने साधणारा आणि मुळीच न साधणारा, असे शिष्यांचे तीन वर्ग तो पाडतो. वृत्त अंगात मुरावे म्हणून आधी अर्थाची चिंता न करता शब्द बसवण्याचे आणि जुन्या श्लोकातील शब्द बदलून वृत्त कायम ठेवण्याचे अभ्यास तो सांगतो.

हे केवळ ग्रंथात राहिले नाही. कच्छच्या महाराव लखपतजींनी १७४९ साली भुज येथे ब्रजभाषेतील काव्यशिक्षणाची पाठशाळा स्थापन केली. छंद, अलंकार, काव्यरचना यांचे पद्धतशीर शिक्षण तेथे सुमारे दोनशे वर्षे दिले गेले. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वकलेसाठी एक पूर्ण समास दिला आणि धीट, पाठ व प्रासादिक असे कवित्वाचे प्रकार वेगळे केले. विसाव्या शतकात ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली प्रसिद्ध झाले. कथा-कादंबरीच्या तंत्राचा तो मराठीतील विस्तृत ग्रंथ. त्यावर पाश्चात्त्य तंत्रविचाराचा ठसा होता आणि त्यावर वादही झाले. पण आयोवातील कार्यशाळा सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी मराठीत हा विषय पुस्तकरूपाने उभा होता, हे विसरून चालणार नाही. विशेष म्हणजे फडके हे पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. 'आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते' असे म्हणून समाधान मानण्याचा मोह आपल्याला फार लवकर होतो. राजशेखराचा चौथा प्रहर आपल्याकडे होता. मग आपल्या विद्यापीठांतून विसाव्या शतकात त्याचे वर्ग का रुजले नाहीत? आयोवाचे नाव जगभर पसरत होते, त्याच काळात, स्वातंत्र्याच्या सुमारास, भुजची पाठशाळा बंद पडली आणि तिची हळहळ फारशी कोणाला वाटली नाही. पूर्वजांच्या ग्रंथांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांनी सांगितलेला अभ्यास करणे कष्टाचे आहे. परंपरा दुसऱ्या मार्गानेच जिवंत राहते.

जोडविषय म्हणूनच का?

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. उपयोग काय? ललित लेखनाचा जोडविषय घेतला म्हणून नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्याचा उपयोग वेगळ्या जातीचा आहे आणि तो मुख्य विषयाशी जोडलेला आहे.

डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण मराठी माणसाला सांगावे लागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. खगोलभौतिकी हा त्यांचा प्रधान विषय. केंब्रिजमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते फ्रेड हॉइल. हे हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ ची. गुरूकडे पाहून शिष्याला कळले, की शास्त्रज्ञाने गोष्ट सांगणे कमीपणाचे नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कथांमुळे खगोलशास्त्र शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले. लेखन हे त्यांच्या विज्ञानाचे अंग होते आणि त्या अंगाने प्रधानाला बळ दिले.

वैद्यकाचे उदाहरणही बोलके आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरॉन यांनी २००० साली 'नॅरेटिव्ह मेडिसिन' नावाचा उपक्रम सुरू केला. डॉक्टरांनी साहित्य बारकाईने वाचावे, रुग्णांविषयी साध्या भाषेत लिहावे आणि त्यातून रुग्णाचे म्हणणे ऐकण्याची क्षमता वाढवावी, हा त्यामागचा विचार. रुग्ण आपला आजार लक्षणांच्या यादीसारखा सांगत नाही. तो गोष्ट सांगतो. ती ऐकायला ज्याला येते, त्याच्या हातून निदान चुकण्याचा संभव कमी होतो. हीच बाब वकिलाची, शिक्षकाची, गावोगाव फिरून काम करणाऱ्या कार्यकर्त्याची. माणसांमध्ये काम करणाऱ्याला माणूस पाहता आला पाहिजे आणि पाहिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचवता आले पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लेखकालाही लिहिण्यासाठी काहीतरी माहीत असावे लागते. वयाच्या अठराव्या वर्षापासून केवळ लेखनच शिकलेल्या मुलाजवळ कौशल्य येईल, पण विषय कोठून येणार? ज्याने शेतीशास्त्र शिकले आहे, त्याला बोंडअळी ठाऊक आहे. जिने लेखाशास्त्र शिकले आहे, तिला एखादी पतसंस्था कशी बुडते हे ठाऊक आहे. मराठी कथा-कादंबरीत प्रयोगशाळा, न्यायालय, बाजार समिती, औषधनिर्मितीचा कारखाना यांचे आतले चित्रण विरळ आढळते. ही जागा भरून निघायची असेल, तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने ललित लेखन शिकणे ही मराठी साहित्याचीही गरज आहे. मम्मटाची 'निपुणता' म्हणजे आणखी काय?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या शिक्षणावर आक्षेप नाहीत असे नाही. कार्यशाळांतून एकाच वळणाचे लेखन बाहेर पडते, ही तक्रार अमेरिकेतही जुनी आहे. मार्क मॅकगर्ल या अभ्यासकाने २००९ च्या 'द प्रोग्रॅम एरा' या ग्रंथात दाखवून दिले, की दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकन कथासाहित्य विद्यापीठीय लेखनवर्गांना वगळून समजून घेताच येत नाही. शिक्षणाचा ठसा लेखनावर पडतोच. म्हणूनच तो ठसा कशाचा पडावा, हे ठरवणे आवश्यक ठरते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील नियम उचलून मराठी मुलांना दिले, तर ती मराठीत इंग्रजी कथा लिहू लागतील. त्याऐवजी त्यांनी अभंग रचून पाहावा. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. या बावीस अक्षरांत एक पूर्ण विचार बसवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला शब्दांचे मोल जितके कळेल, तितके दहा व्याख्यानांनी कळणार नाही. माधव जूलियनांची 'छंदोरचना' ग्रंथालयात आहे. ओवी आहे, पोवाडा आहे, बखरीचे गद्य आहे. आपल्या कार्यशाळेचे लाकूड आपल्याच रानातले असावे.

दुसरा आक्षेप अगदी अलीकडचा. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी लोकांच्या हाती आले आणि यंत्र क्षणार्धात निबंध लिहून देऊ लागले. मग माणसाने लिहायला शिकायचे कशासाठी? हा प्रश्न उलट दिशेने विचारून पाहावा. 'घरून लिहून आणा' या पद्धतीचे मूल्यमापन आता निरर्थक होऊ लागले आहे. अशा वेळी वर्गात बसून, सर्वांसमोर, स्वतः पाहिलेल्या गोष्टीविषयी लिहायचे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचे उत्तर द्यायचे, हा वर्ग अधिकच मोलाचा ठरतो. यंत्राला सर्वसाधारण आजीचे वर्णन करता येईल. आपल्या आजीने नऊवारीच्या ओच्यात किल्ल्या का ठेवल्या होत्या, हे तिच्या नातवालाच माहीत असते. शिवाय यंत्राने लिहिलेले बरे की वाईट, खरे की पोकळ, हे ओळखण्यासाठीही वाचनाची तीच कसलेली नजर लागते.

खरा धोका

या विषयाला खरा धोका टीकाकारांपासून नाही. तो आपल्या शिक्षणव्यवस्थेच्या सवयींपासून आहे. उद्या एखाद्या महाविद्यालयात ललित लेखनाचा जोडविषय सुरू होईल. साठ विद्यार्थी भरले जातील. 'कथेचे घटक सांगा', 'व्यक्तिचित्रणाचे प्रकार लिहा' असे प्रश्न निघतील. महिनाभरात बाजारात गाइड येईल. विद्यार्थी कथेची व्याख्या पाठ करतील आणि एकही कथा न लिहिता उत्तीर्ण होतील! असे झाले तर तो विषय नसण्यापेक्षाही वाईट, कारण 'हे शिकवून काही होत नाही' हा समज त्याने पक्का होईल.

हिशेब साधा आहे. साठ विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला हजार शब्द लिहिले, तर साठ हजार शब्द होतात. एका कादंबरीएवढा मजकूर. एवढा मजकूर दर पंधरा दिवसांनी बारकाईने तपासणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. विद्यार्थी पंधरा असतील, तर ते शक्य आहे. आयोगाच्या आराखड्यात त्यासाठी जागाही आहे. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला एका सत्रात पंधरा तास धरले जातात, तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला तीस तास. ललित लेखनाच्या श्रेयांकांचा मोठा भाग प्रात्यक्षिकाचा ठरवला, तर विज्ञानाच्या प्रयोगशाळेप्रमाणे लहान तुकड्या करता येतील. चार श्रेयांकांचे सहा अभ्यासक्रम असे या २४ श्रेयांकांचे गणित बसते. लेखकाच्या दृष्टीने वाचन, छंद आणि कविता, कथा, चरित्र व प्रवासवर्णन, संवाद व अनुवाद आणि शेवटी एक पूर्ण प्रकल्प. ही रचना आवाक्याबाहेरची नाही. आपल्या देशात अशोकासारख्या खासगी विद्यापीठात इंग्रजीतून ललित लेखनाचा जोडविषय घेता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात ग्रंथांचे संपादन व्हायलाच हवे, पण ज्या भाषेत नवे लिहिणारे तयार होत नाहीत, तिचा दर्जा कागदावर राहतो.

म्हणून पालकांना विनंती अशी, की मुलांनी हा विषय मागितला तर नकार देण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन चार प्रश्न विचारावेत. वर्गात विद्यार्थी किती असतील? शिकवणारी व्यक्ती स्वतः लिहिते काय? सत्रात विद्यार्थी स्वतःचे किती लिहितील आणि ते परत तपासून मिळेल काय? वाचनाची यादी कोणती? उत्तरे समाधानकारक असतील तर मुलीला निःशंक मनाने प्रवेश घेऊ द्यावा. नसतील, तर प्राचार्यांना तसे स्पष्ट सांगावे. दहा पालकांनी हे प्रश्न विचारले, तर अकराव्या पालकाला ते विचारावे लागणार नाहीत.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात हा विषय नसेल, तरी राजशेखराचा चौथा प्रहर तुमच्याकडून कोणी हिरावून घेतलेला नाही. चार मित्र जमवा. आठवड्यातून एकदा बसा. प्रत्येकाने आपल्या मुख्य विषयातले, आपल्या गावातले, आपल्या घरातले काहीतरी दोन पाने लिहून आणावे. ज्याचे लेखन असेल त्याने गप्प राहावे आणि बाकीच्यांनी खरे बोलावे. दुसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा लिहून आणावे. विद्यापीठाची मान्यता येईल तेव्हा येईल. अभ्यासाला आजचा दिवस पुरेसा आहे.